चांदवाली, खुरवाली

— व्हय, बराबर बोललात, ऊन हाये पण चटका न्हाई. सावलीत बसलं तर गारठाबी न्हाई. असं हवामान वर्षातून आठच दिवस असतंय, खंडेनवमीपासून पुढं आठ दिवस, अन् ह्या आठ दिवसांत मी घर सोडत न्हाई. पहाटं दव पडलं व्हतं, तुरीची पानं सगळी ओली, आता वाळली. आभाळ बघा — घासून पालथ्या ठेवलेल्या ताटावाणी, एक ढग न्हाई. वारं असं की लिंबाचं पान हालतंय पण धूळ उठत न्हाई. बसा. तिथं न्हाई, तिथं करडांनी मुतून ठेवलंय — हितं, बाजंवर, सावलीला. सीमा, च्या टाक गं, गोरेगावच्या पंतांचे नातू आलेत, नांदेडहून, वकील हायेत. सीमा माझी सून. भारत, पोरगं माझं, शेळ्या घेऊन माळाला गेलंय, दोन वाजेपर्यंत येत न्हाई. म्हणजे आपुन दोघंच. बरं हाये. अन् शेळ्या आल्या तरी तुमाला ऐकू यायच्या न्हाईत, आमच्या शेळ्यांच्या गळ्यात घंट्या न्हाईत. लोक हसतेत, धनगराच्या शेळ्या अन् मुक्या. हसू द्या. मला पितळाचा आवाज सहन होत न्हाई. म्हातारपण, दुसरं काय.

तुमाला न्हाई वळखलं मी, खरं सांगतो. डबा वळखला. तुमी काखंत घेऊन दारातून आत आलात तवाच — बिस्कुटाचा डबा, झाकणावर इंग्रजाची राणी, राणीचं तोंड गंजलेलं. तवा नाकापर्यंत गंजलं व्हतं, आता सगळंच गेलं. मग तुमचं कपाळ बघितलं अन् म्हणलं, हे पंतांचं रोप. नाव काय सांगितलं — अद्वैत. चांगलं हाये. मी आपलं दादा म्हणतो. तुमच्या आज्याला सगळं गाव पंत म्हणायचं, बंडोपंत असं पुरं नाव फकस्त पोस्टमन घ्यायचा. तर तुमी नेम लावता. परवाना हाये, कागद सगळे हायेत, क्लबात भरायचं यंत्र हाये, अन् पंतांच्या रायफलीच्याच नंबराची रायफल घेतली. अन् माळ्यावर हा डबा सापडला. अन् तुमाला वाटून राहिलं की आज्याच्या पुंगळ्या एकवार तरी भराव्या, एकवार तरी वाजवाव्या. समजलं. तुमचं लेकरू किती वर्षांचं? देवश्री — सहा वर्षांची. हं. अन् वडलांनी सांगितलं की पुसेगावाकडं मसाजी म्हणून धनगर हाये, जिता असंल तर त्याला दाखव, तो नखानं पुंगळी वाजवून सांगतो कोणत्या कारखान्याची. कानानं पितळ वळखणारा मसाजी. तर जिता हाये. कानाचं मागून सांगतो.

ओता हितं, पोत्यावर. हळू — वाजवू नका. हं. बास. हात लगेच लावत न्हाई मी, बघू द्या जरासक. पुंगळी म्हणजे काय, गोळी गेल्यावर मागं उरलेलं घर. गोळी जाती, दारू जळती, घर ऱ्हातं. तवा नवी काडतुसं मिळत नव्हती, मिळाली तर हैदराबादेहून, कोणी येणारं-जाणारं असलं तर. म्हून पंत तीच घरं पुन्हा भरायचे. जळकी टिकली बुडातून काढायची, नवी बसवायची, मापानं दारू, वरून गोळी. ते काम माझ्याकडं. माझ्याकडं कसं आलं, तर मी त्यांच्या शेतात मेंढरं बसवायचो, खताला, अन् पंतांनी एकदा मला लोकर कातरताना बघितलं. मेंढीच्या कातडीला कातर लागू देत नव्हतो मी. उगं बसून बघत राहिले किती वेळ. मग म्हणले, मसाजी, असा हात मला पाहिजे. मी म्हणलं, पंत, मी शाळेत गेलो न्हाई, एक दिवस न्हाई. तर म्हणले, तुला वाचायचं काम न्हाई, तुला थांबायचं काम हाये. थांबायचं काम. एवढंच काम व्हतं बघा माझं.

तर पितळ. आता उस्मानाबादी शेळी काळी, अन् गावरानबी काळी निघती, बाजारात नव्या माणसाला दोन्ही एकच. पण हाड अलग, दूध अलग, आजार अलग. तसंच हे. ह्या डब्यात दोन घराणी हायेत — एक चांदवाली, एक खुरवाली. नावं माझी हायेत, मागून ठेवली, तवा आमी विलायती अन् जाडी म्हणायचो. विलायती पंतांच्या वडलांच्या वख्ताची. पातळ अंगाची, मऊ, नरडं तापवलं की लोण्यावाणी वळायची, दहा वेळा भरा, चीर जायची न्हाई. जुनी झाली की खजुराचा रंग धरायची, तांबूस-काळा. जाडी मागून आली, कुठून आली मला ठावं न्हाई. घट्ट अंगाची, बूड जड, भिंत जाड, चार-पाच वेळा भरली की नरड्याला केसावाणी चीर. तिचा रंग जुनेपणी हिरवट, हळदीत शेण कालवल्यावाणी. पण ही चांगली अन् ती वाईट असं मी म्हणणार न्हाई, पंतबी कधी म्हणले न्हाईत. ज्यानं जाड बनवली त्यानं धसमुसळ्या हातांसाठी बनवली आसंल, फौजंसाठी. त्याचं काय चुकलं. बनवणाऱ्याची चूक न्हाई, दादा. दोघांचीबी न्हाई. हे मी आधीच सांगून ठेवतो.

बाहेरून दोघी एका मापाच्या, रायफलीत दोघी बसतेत. पण भिंत जाड झाली की आतली खोली लहान झाली. झाली का न्हाई? म्हून दारूची मापं दोन व्हती. शेळीच्या शिंगाची, पंतांनी स्वता कापून, काचंनं घासून केलेली — थोरलं माप विलायतीला, धाकलं जाडीला. थोरलं माप म्हणजे विलायतीला सोसंल तेवढंच, वर एक कण न्हाई. पंत म्हणायचे, मसाजी, थोरलं माप धाकल्या घरात गेलं की घर फुटतं. थांबा, दाखवतोच. सीमा, तो पाण्याचा गिलास ठेव हितं. च्याबी ठेव. जा तू. आता बघा, ह्या दोन घेतो, जळक्या टिकल्या बुडात हायेत, पाणी गळायचं न्हाई. — कानानं न्हाई वळखल्या. डोळ्यानं. सांगतो म्हणलं ना. — ही चांदवाली, म्हणजे विलायती, काठापर्यंत भरली. आता हिचं पाणी हिच्यात ओततो, खुरवालीत. सांडत न्हाई, बघा. भरली ही. अन् तिच्यात अजून उरलं. ओततो — पडले खाली. एक, दोन, तीन... चार थेंब. पोत्यावर पडले, मुरलेबी. बघितलं? एवढा फरक. पंतांनीच शिकवलं व्हतं हे पाण्याचं, संशय आला तर असं कर म्हणले. ह्या चार थेंबात तुमचा आजा गेला.

काय म्हणता? आजीनं सांगितलं व्हतं? — की पंतांनीच खंडेनवमीला पुंगळ्या चिंचेनं घासून घेतल्या, पूजंत मांडायच्या म्हून, हौसेनं, अन् घासल्यावर रंग गेला, मग कोणची कोणती ते कळंना. व्हय. असंच सांगतेत. हितंबी असंच सांगतेत. खंडेनवमीला आयुधं घासायचीच असतेत, आमी कातर मांडतो, विळा, कुऱ्हाड, तुमच्याकडं तलवार-बंदूक. चिंच अन् राख लावली की पितळाचं जुनेपण एका घटकंत जातं, सगळं सोनं. आता पुंगळ्या माझ्या घरी असायच्या, भरायचं काम माझ्या घरी, ह्या समोरच्या कोनाड्यात डबा, तर पंतांच्या घरी त्या घासल्या कशा जातील म्हणा — न्हाई, तसं काही न्हाई. मी आपला बोलून गेलो. च्या घ्या, थंडा होऊन राहिला.

तुमी माझ्याकडं असं बघू नका.

बरं, आधी कानाचं सांगतो. कान नव्हता. पंत पाव्हण्यांपुढं पुंगळी माझ्या हातात ठेवायचे अन् म्हणायचे, कोणची रे, मसाजी? मी ती कानाजवळ न्यायचो, नखानं टिचकी मारायचो, डोळे मिटायचो, अन् सांगायचो, विलायती. का जाडी. कधी चुकलो न्हाई. चुकंन कसा — कानाकडं नेता नेता ती डोळ्यापुढूनच जायची की. खजूर हाये का शेण हाये ते दिसायचंच. पहिल्यांदा गंमत म्हून केलं व्हतं, एक पाव्हणा लई शाना बनून राहिला व्हता, त्याची जिरवायला. पंत हसले. मग दुसऱ्या पाव्हण्याला दाखवलं, तिसऱ्याला दाखवलं. मग पंतांला खरंच वाटाया लागलं. अन् मग — हे मी कोणाला बोललो न्हाई, भारतला न्हाई, कोणालाच न्हाई — मग मलाच वाटाया लागलं. रोज टिचकी मारून मारून मला ऐकू येतंय असं वाटाया लागलं. विलायती जरा लांब वाजती, जाडी आखूड वाजती. मी शेळ्या राखता राखता मनात वाजवायचो. बिनशाळेचा माणूस मी, दादा, माझ्यापाशी दुसरं काय व्हतं दाखवाया.

घासल्या यशोदानं. माझी बायको. नवं लगीन झालेलं, सगळं चमकवायची हौस तिला, पाटावर कातर मांडली, डबा दिसला, घेतल्या घासाया. तिला काय ठावं. पोरगीच व्हती.

न्हाई.

असं न्हाई म्हणू. ती जाऊन चार वर्षं झाली अन् मी तिच्यावर टाकून राहिलो. तिनं इचारलं व्हतं. त्या तिथं, रांजणापाशी बसली व्हती, हात चिंचेत, अन् म्हणली, अवं, ह्यांचा रंग जाईल, पंतांला चालंल का? तिनं इचारलं. अन् मी कातरीला तेल लावता लावता म्हणलं, पितळ हाये, चमकाया पाहिजे, देवापुढं का शेणकट मांडायचं? घास. — मला आठवलंच न्हाई की मी रंगावर जगतो. मला माझ्या कानाचा भरवसा व्हता. तिनं सगळ्या घासल्या, फडक्यावर मांडल्या, झेंडूचं एक एक पान टाकलं, अन् सोन्याच्या कणसावाणी त्या दिसाया लागल्या. मीच म्हणलं, वा. तिनं त्याच्यापुढं कधी पितळ घासलं न्हाई. घरात होतं नव्हतं ते पितळ मोडीत देऊन स्टीलचं आणलं. चिंच फकस्त आमटीत. कोणी इचारलं तर म्हणायची, हाताला तकलीफ होती चिंचेनं. पन्नास वर्षं ती मला एक शब्द टाकून बोलली न्हाई, अन् मीबी इचारलं न्हाई की तुला आठवतंय का. आठवतच असंल.

मग दसरा झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पंतांकडं अमरसिंग म्हणून पाव्हणे आले, वसमतीकडचे, मिशीवाले, स्वताची दुनळी घेऊन. ज्वारीत डुकरं शिरून राहिली व्हती, तवा परवाने व्हते, मारायला बंदी नव्हती. पंत म्हणले, चला, मसाजीकडून भरून घेऊ अन् तसंच ज्वारीला जाऊ. दोघं हितं आले. हीच जागा, लिंब तेवढा बारका व्हता. असंच ऊन, चटका नसलेलं. मी डबा काढला. अमरसिंग म्हणले, पंतजी, यही है क्या वो कानवाला? जरा सुनाव भई. पंत माझ्याकडं बघून हसले. असे हसले की काय सांगू, बाप पोराचं कौतुक सांगताना हसतो तसे. अन् एक पुंगळी माझ्या हातात ठेवली. कोणची रे, मसाजी?

मी डबा बघितला. सगळ्या पिवळ्या. सगळ्या सोनं. मी कानाला लावली, टिचकी मारली. टिंग. दुसरी घेतली — टिंग. दादा, सगळ्या टिंग. लांब न्हाई, आखूड न्हाई. तवा मला समजलं की मला कधीच काही ऐकू येत नव्हतं. अन् माझ्यापुढं दोन वाटा व्हत्या. पंतांला म्हणायचं, बुडावरची अक्षरं वाचून दाखवा. न्हाईतर पाणी मागायचं अन् एक एक भरून बघायची. पाण्याचा रांजण हाताच्या अंतरावर. घटकाभराचं काम. थांबायचं काम. पण पाणी मागितलं असतं तर अमरसिंग म्हणले असते, अरे, कान कहाँ गया? अन् पंतांचं ते हसू गेलं असतं. मी म्हणलं, विलायती. अमरसिंगांनी मांडीवर हात मारला. दुसरी — विलायती. तिसरीला म्हणलं, जाडी. का म्हणलं? सगळ्या एकच सांगितल्या तर खोटं दिसंल म्हून. एवढं सुचलं मला. ती तिसरी पंतांनी हातात घेतली, बूड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, माझ्याकडं बघितलं, अन् मला परत दिली. चष्मा व्हता का डोळ्यावर? मला आठवत न्हाई. पंचावन्न वर्षं झाली, मला त्यांचं धोतर आठवतं, काठाचा रंग आठवतो, पायातल्या वहाणंचा तुटका अंगठा आठवतो, पण चष्मा आठवत न्हाई. दिसलं व्हतं का त्यांला? दिसलं असंल तर काहून बोलले न्हाईत? पाव्हण्यापुढं माझी लाज राखली का? का दिसलंच न्हाई? — तुमी वकील हायेत, तुमी सांगा. न्हाई, नका सांगू.

मी भरल्या. थोरलं माप विलायतीला, धाकलं जाडीला, अगदी नेमानं, एक कण इकडं तिकडं न्हाई. असा नेमका हात माझा. चुकीच्या घरात नेमकं माप.

उन्हं कलली तवा आमी ज्वारीला गेलो, डबा पंतांच्या झोळीत. मी अन् तातेराव एका कडंनं हाळी देत, डुकरं उठवत निघालो — तातेराव म्हणजे माझा शेजारी, ही भिंत त्याचीच, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. पंत दुसऱ्या कडंला, बांधाच्या आडोशाला. पहिली गोळी वाजली, चांगली वाजली. तातेराव म्हणला, बसली वाटतं. मग दुसरी. ती गोळीवाणी वाजली न्हाई. घमेलं खडकावर पडावं तशी वाजली. अन् मग काहीच न्हाई, पाखरंबी न्हाई. आमी पळत गेलो तर पंत खाली बसलेले, मांडी घालून, पूजंला बसतेत तसे, अन् उजवा हात तोंडावर. रायफल मागून उघडी पडलेली. अमरसिंग पळून राहिले, जीप म्हणून ओरडून राहिले, गोरेगावाशिवाय जीप कुठं. तातेरावानं पंतांला पाठीवर घेतलं. मी? मी पुंगळीचं बूड उचललं. मातीत पडलेलं, फाटून फुलावाणी झालेलं, अन् चमकून राहिलं व्हतं. यशोदानं लई चांगलं घासलं व्हतं. ते मी मुठीत धरलं अन् ज्वारीतून उलटा पळालो, घरी आलो, शेळ्या सोडल्या, अन् माळावर गेलो. ज्या माणसानं मला हात दिला त्याला उचलायला मी हात लावला न्हाई. हे तुमच्या आजीला ठावं नसंल. हे कोणी सांगितलं नसंल तुमाला.

तीन दिवस माळावर. भाकर न्हाई. पाणी डबक्याचं. अन् ते बूड बघून राहिलो. दिवसभर दुसरं काय करणार. त्याच्यावर अक्षरं व्हती. आता अक्षर म्हणजे मला मुंग्या, मी कधी तिकडं बघितलंच नव्हतं, वाचायचं आपलं काम न्हाई म्हून. त्या दिवशी बघितलं. तर एक खूण — दोन टोकं वर, मधी चीर. शेळीचा खूर. जसाच्या तसा, ओल्या मातीत उमटतो तसा. दादा, मी खूर वाचतो. शेळी चुकली तर खूर बघून सांगतो कोणची, किती वेळ झाला, लंगडती का, गाभण हाये का. अन् ही खूण त्या जाडीच्या बुडावर पहिल्या दिवसापासून व्हती. सगळ्या जाड्यांवर. अन् विलायतीवर बीजेचा चांद, हे मागून समजलं. घासून रंग जातो, खूण जात न्हाई. म्हणजे मला वाचता येत व्हतं. मी बघितलं न्हाई. एवढंच झालं. कानाला लावून राहिलो अन् डोळ्यापुढचं बघितलं न्हाई. तवापासून मला दोन अक्षरं येतेत. तिसरं शिकलो न्हाई. पोस्टात अंगठाच करतो.

अजून होतं ते. आठ दिवस हेच ऊन पडलं की होतं. सीमानं वाटी जरी आपटली तरी मागून कोणी इचारतं, कोणची रे, मसाजी? रागानं न्हाई. हसून. रागानं इचारलं असतं तर मी एव्हाना सांगून मोकळा झालो असतो.

हे घ्या. बोलता बोलता झालं तुमचं काम. हा ढीग चांदवालीचा, हा खुरवालीचा. खुणा तुमीबी ताडून बघा, चष्मा लावून बघा. ही एक मधी उरली — हिचं बूड झिजलंय, चांद न्हाई, खूर न्हाई. हिला मी कोणचीच म्हणणार न्हाई. तसं म्हणून बघितलं एकदा. आता ऐका. भरू नका. एकबी भरू नका. यंत्र तुमचं चांगलं आसंल, शिकलेले हायेत तुमी, मी कोण सांगणारा. पण हा डबा इतकी वर्षं गोठ्याच्या माळ्यावर व्हता म्हणता, अन् गुरांच्या मुताची वाफ पितळ आतून खाती, वरून दिसत न्हाई, हे पंतांनीच सांगितलं व्हतं, म्हून तर ते मला डबा शेळ्यांपाशी ठेवू देत नव्हते. आज्याला आठवायचं तर दुसरं काही करा. देवश्रीला द्या दोन. ओठाला लावून फुंकली की शिट्टी वाजती, लांब जाती, पंत कुत्र्याला तशीच बोलवायचे. तिनं शिट्टी वाजवली तर मला नांदेडहून ऐकू येणार न्हाई. तेवढं बरं.

वडलांला सांगा, मसाजीला कान नव्हता. पुंगळ्या घासाया मसाजीनं सांगितल्या. तुमच्या आज्यानं न्हाई, माझ्या बायकोनं न्हाई. माझं नाव घेऊन सांगा. पंचावन्न वर्षं मी पंतांच्या शब्दाखाली बसून राहिलो, पावसात दुसऱ्याच्या घोंगड्याखाली बसावं तसा. आता उठतो. तुमी बी उठा. भारत यायचा वखत झाला, त्याच्यापुढं पुन्हा माझ्याच्यानं बोलणं व्हायचं न्हाई. डबा घ्या. झाकण नीट लावा.

न्हाई, पाया पडू नका माझ्या. काहून पडता. सरका.

अन् तुमच्या आजीनं जे सांगितलं ते कुठून आलं तेवढं ऐका अन् जा. तिसऱ्या दिवशी तातेराव मला हुडकत माळावर आला. असंच ऊन. मला वाटलं, पोलीस घेऊन आला. एकटाच व्हता. डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, खाली बसला, किती तरी वेळ गवताच्या काड्या मोडत राहिला. म्हणला, पंत गेले, सकाळी, हिंगोलीला. जायच्या आधी शुद्धीत आले व्हते, बायकोला बोलले, मग मला जवळ बोलावलं, तुझंच नाव घेतलं. मी म्हणलं, काय म्हणले? तर तातेराव माझ्याकडं बघंना. शेळ्यांकडं बघत म्हणला —

“म्हणले, मसाजीला सांग, पुंगळ्या घासाया मीच लावल्या व्हत्या. त्यानं उगं रानात बसू न्हाई. शेळ्यांला पाणी पाजावं अन् घरी यावं.”